सही कोणाची? साष्टीचे चार तह आणि अमेरिकेचा पहिला संसार

(उपनगरातल्या एका सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आम्ही पाच-सहा जण दर पंधरवड्याला एकत्र बसून जुने तहनामे वाचतो. आजचं बोलणं हे त्या वाचनातून निघालेलं आहे, म्हणून मी न म्हणता आम्ही म्हणतो. चुका निघाल्या तर त्याही सगळ्यांच्या मिळून.

सुरुवात एका घरगुती प्रश्नानं करू. इथे मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली अशा सगळ्या बाजूंनी लोक आलेले दिसताहेत. तुमच्यापैकी किती जणांच्या सोसायटीचा पुनर्विकास चाललाय? (हात वर होतात.) बरेच आहेत. आता, विकासकाशी झालेला करार पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत किती जणांनी वाचलाय? (हशा.) बघा. हात खाली आले. सेक्रेटरीनं सही केली, कमिटीनं मान डोलावली, आणि आपण चाव्या देऊन भाड्याच्या घरात गेलो. पुढे भांडण झालं की मग विचारतो, "यांना सही करायचा अधिकार कुणी दिला होता?"

हा प्रश्न आपण अडीचशे वर्षं उशिरा विचारतोय. कारण आपण सगळे ज्या जमिनीवर बसलोय, ती साष्टी, वसईच्या खाडीपासून माहीम-शीवच्या खाडीपर्यंतचं हे बेट, एका करारानंच मराठी राज्यातून गेली. खरं तर चार करारांनी. आणि चारही वेळा तंटा हाच होता, की सही कोणाची आणि तिला किंमत काय.

आठ वर्षांत चार कागद

थोडक्यात हकिगत सांगतो. साष्टी चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ साली पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली, वसई १७३९ साली. मुंबईकर इंग्रजांचा तेव्हापासून या बेटावर डोळा. मुंबई म्हणजे चिंचोळं बेट, तिथे भात पिकणार किती? धान्य, लाकूड, बंदराचं रक्षण, सगळं साष्टीवर अवलंबून. मॉस्टिन नावाचा वकील पुण्यात बसवला होता, त्याच्या कामांतलं एक मोठं काम म्हणजे साष्टी-वसई मिळते का ते बघणं.

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादा एकीकडे, बारभाई दुसरीकडे. ही संधी साधून १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. त्याच मोहिमेत अंधेरीकरांच्या शेजारचा वेसाव्याचा किल्लाही गेला. म्हणजे जमीन आधी घेतली आणि कागद मागून केला. हे लक्षात ठेवा.

पहिला कागद सुरतेचा, मार्च १७७५. सही राघोबादादांची. त्यांनी मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली. देणाऱ्याकडे गादी नव्हती. आणि घेणाऱ्या मुंबईकर इंग्रजांकडे तरी अधिकार होता का? नव्हता. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टनुसार युद्ध आणि तह यांवर कलकत्त्याच्या कौन्सिलची देखरेख होती. कलकत्त्यानं मुंबईला खडसावलं आणि कर्नल अप्टनला पुरंदरला पाठवलं.

दुसरा कागद पुरंदरचा, १ मार्च १७७६. राघोबांना सोडायचं, पेशव्यांनी खर्चापोटी १२ लाख द्यायचे, आणि साष्टी? साष्टी इंग्रजांनी ठेवून घ्यायची. सुरतेचा तह बेकायदा म्हणून मोडला, पण त्याचं फळ ठेवून घेतलं!

तिसरा कागद वडगावचा, जानेवारी १७७९. मुंबईची फौज पुण्यावर चालून आली आणि तळेगाव-वडगावात मराठ्यांनी तिला कोंडलं. इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून दिलं की १७७३ नंतर घेतलेला मुलूख, म्हणजे साष्टीसुद्धा, परत करू. कागदावर साष्टी मराठ्यांची झाली. पण हेस्टिंग्जनं कलकत्त्याहून सांगितलं की या लोकांना तह करायचा अधिकारच नव्हता. झालं. सही असून नसल्यासारखी.

चौथा कागद साल्बाईचा, १७ मे १७८२. ग्वाल्हेरजवळच्या छावणीत, महादजी शिंदे आणि कंपनीचा वकील डेव्हिड अँडरसन यांच्यात ठरलेला. पुरंदरनंतर इंग्रजांनी घेतलेली वसई परत मिळाली. पण साष्टी आणि तिच्यासोबत घारापुरी, कारंजा नि हॉग ही तीन बेटं कायमची इंग्रजांकडे राहिली. सवाई माधवराव तेव्हा आठ वर्षांचे होते. ठाणं पडलं तेव्हा ते तान्हं मूल होतं. म्हणजे साष्टीचा सगळा तंटा एका अजाण पेशव्याच्या बालपणात मिटला.

त्याच वर्षांत, समुद्रापलीकडे

आता अमेरिका. तुम्ही म्हणाल, ही कशाला मध्ये? तारखा बघा.

१७७६ मध्ये मार्चला पुरंदर, जुलैला फिलाडेल्फियात स्वातंत्र्याची घोषणा. डिसेंबरात बेंजामिन फ्रँकलिन फ्रान्सला मदत मागायला पोचले. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस चौल-रेवदंड्याकडे उतरून पुण्याला आला. नानांनी त्याचा मोठा आदरसत्कार केला. माणूस बराचसा भूलथापा मारणारा होता, पण नानांना त्याच्या शब्दापेक्षा त्याच्या असण्याचा उपयोग होता. पुण्यात फ्रेंच वकील बसलाय, एवढी बातमी मुंबई-कलकत्त्याची झोप उडवायला पुरेशी होती. फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सनं अमेरिकेशी तह केला, इंग्लंड-फ्रान्स लढाई जुंपली, आणि ती बातमी हिंदुस्थानात पोचताच हेस्टिंग्जला मराठ्यांशी लढण्याचं आणखी एक कारण मिळालं. फ्रँकलिन पॅरिसमध्ये आणि नाना पुण्यात एकाच शत्रूविरुद्ध एकच पत्ता खेळत होते. एकमेकांना न ओळखता.

आणखी एक तारीख. १३ ऑक्टोबर १७८१ रोजी महादजींनी इंग्रजांच्या कर्नल म्यूरशी वेगळा तह केला आणि मध्यस्थी पत्करली. बरोबर सहा दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेनं शस्त्रं ठेवली. तोच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला, आणि त्याच्याच कारकिर्दीत १७९० साली पुण्यात नानांबरोबर टिपूविरुद्ध तह झाला. मॅलेट हा रेसिडेंट त्या दरबारात बसलेला आहे असं मोठं चित्र टॉमस डॅनियलनं रंगवलं, ते आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. तिथे अमेरिका हातची गेली म्हणून इथे हात घट्ट करायचे, हे त्या माणसाच्या रूपानं आपल्याकडे चालत आलं.

आपण हे कसं वाचत आलो

आता आमच्या खऱ्या तक्रारीकडे येतो. ही तक्रार नानांवर नाही नि महादजींवरही नाही. आपल्या वाचण्याच्या सवयीवर आहे.

मराठीत या काळाबद्दल बोलायचं म्हटलं की दोन तट पडतात. नानाचे आणि महादजीचे. कोण थोर, कोण स्वार्थी, कोणी कोणाला पाण्यात पाहिलं. साडेतीन शहाण्यांची यादी, मग अर्धा कोण आणि का. चहाच्या टपरीवर क्रिकेटची टीम निवडावी तसं. ही सवय ग्रँट डफपासूनची असेल, किंवा त्याच्याही आधीच्या बखरींची. डफ साताऱ्याला रेसिडेंट होता, १८२६ साली त्याचा इतिहास छापून आला. त्याच्या पोतडीत अस्सल कागद होते, पण नजर कंपनीची. १८६७-६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणानं मराठीत त्याच्यावर टीका लिहिली. आमच्या मते मराठी टीकालेखनाच्या इतिहासात त्या निबंधाला मोठा मान मिळायला हवा, कारण परक्यानं लिहिलेला आपला इतिहास आपण तपासू शकतो हे त्यानं दाखवलं. पुढे वासुदेवशास्त्री खरे, राजवाडे, पारसनीस, सरदेसाई यांनी कागदांचे ढीग उपसले. सरदेसाई आणि जदुनाथ सरकार यांनी पुण्याच्या रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार खंडाखंडांनी छापून आणला. कागदाची वाण आपल्याला नाही.

आणि तरी सामान्य वाचकाच्या मनात नाना येतात ते कुठून? 'घाशीराम कोतवाल' मधून. १९७२ चं नाटक. थोर नाटक आहे, त्याबद्दल वाद नाही. तेंडुलकरांना इतिहास सांगायचाच नव्हता, त्यांना सत्ता आपली हत्यारं कशी घडवते आणि मोडते ते दाखवायचं होतं. पण आपण ते पाहून घरी येताना नानाला तेवढाच ठेवला. अमेरिकनांचंही फार वेगळं नाही. त्यांचा प्रजासत्ताकाचा पहिला काळ हल्ली 'हॅमिल्टन' या २०१५ च्या संगीतिकेतून लोकांच्या डोक्यात बसलाय. फरक एवढाच, की त्यांच्या नाटकात मंत्रिमंडळाची भांडणं, फ्रान्सला मदत करायची की नाही हा वाद, रंगमंचावर येतो. आपल्या नाटकात लावणी येते, कीर्तन येतं, तहनामा येत नाही. नाटककारावर हा दोष नाही. तहनामा हीसुद्धा नाट्याची वस्तू आहे हे आम्हा वाचकांनाच कधी वाटलं नाही.

साल्बाईचा कागद, कलमाकलमानं

तर वाचू या. साल्बाईच्या तहाची १७ कलमं आहेत. बहुतेक कलमं ठिकाणं, पैसा, राघोबांची नेमणूक (महिना २५ हजार) अशी हिशेबी आहेत. तीन कलमांशी मात्र थांबायला हवं.

पहिलं, हैदरचं. १७८० मध्ये नानांनी चौकडी जमवली होती: पेशवे, हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले. त्या काळातली ही सर्वांत मोठी राजकारणी खेळी. हेस्टिंग्जनं नागपूरकरांना पैशानं थंड ठेवलं, निजामाला गुंटूर परत देऊन सोडवलं. उरला हैदर, जो खरोखर लढला. आणि साल्बाईच्या तहात पेशव्यांच्या वतीनं लिहून दिलं गेलं, की हैदरनं इंग्रजांचा आणि अर्काटच्या नबाबाचा घेतलेला मुलूख सहा महिन्यांत परत करावा. मित्राला न विचारता मित्राच्या वतीनं शब्द!

इथे आपण लगेच "दगा" म्हणून मोकळे होतो. थांबा. पॅरिसकडे बघा. १७७८ च्या तहानुसार अमेरिकनांनी फ्रान्सला सोडून स्वतंत्र समेट करायचा नव्हता. काँग्रेसनं आपल्या वकिलांना बजावलं होतं की फ्रेंच दरबाराला विचारूनच पाऊल टाका. फ्रँकलिन, जॉन ॲडम्स आणि जॉन जे यांनी ते बजावणं गुंडाळून ठेवलं आणि इंग्रजांशी परस्पर बोलून ३० नोव्हेंबर १७८२ ला मसुद्यावर सह्या केल्या. पळवाट म्हणून, फ्रान्सचा समेट होईपर्यंत हा अमलात येणार नाही अशी पुस्ती जोडली. फ्रान्सचा मंत्री व्हर्जेन संतापला. फ्रँकलिननी इतकं गोड उत्तर लिहिलं, की शिवाय साठ लाख लिव्रचं नवं कर्जही मिळवलं. आता सांगा, महादजी दगाबाज आणि फ्रँकलिन धूर्त, हा न्याय कोणत्या तराजूतला?

आणि त्याच आठवड्यांत पुण्यात काय चाललं होतं? साल्बाईवर हेस्टिंग्जनं जूनमध्येच मान्यतेची मोहर केली होती. नानांनी सात महिने कागद अडवून ठेवला. हैदर जिवंत होता, त्याची बाजू वरचढ झाली तर साष्टीसुद्धा परत मागता आली असती. ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारला. २० डिसेंबरला पुण्याची मान्यता झाली. पॅरिस आणि पुणे, तीन आठवड्यांच्या अंतरानं. नानांच्या त्या सात महिन्यांत आम्हाला मराठी मुत्सद्देगिरीचा कळस दिसतो. सही न करणं हीसुद्धा एक कला आहे. पण ती कला एका माणसाच्या तब्येतीवर, आणि दुसऱ्या एका माणसाच्या मरणावर टांगलेली होती.

दुसरं कलम, परक्यांचं. पोर्तुगीजांच्या जुन्या वखारी सोडून इतर युरोपीय राष्ट्रांच्या वखारी मराठी मुलखात होऊ द्यायच्या नाहीत. म्हणजे नानांचा फ्रेंच पत्ता या कलमानं फाडला. साष्टी गेली हे आपल्याला दिसतं, कारण ती नकाशावर आहे. हा पत्ता गेला ते दिसत नाही. पण आम्हाला विचाराल तर दुसरं नुकसान पहिल्याहून मोठं.

तिसरं कलम, जामिनाचं. दोन्ही बाजूंनी महादजी शिंदे यांना हामी ठरवलं. कोणी तह मोडला तर महादजींनी दुसऱ्या बाजूला मिळून मोडणाऱ्याला वठणीवर आणायचं. पुन्हा ऐका. मोडणारा पेशवा असेल तर? पेशव्यांच्याच सरदारानं कंपनीच्या बाजूनं उभं राहायचं! महादजींची प्रतिष्ठा या कलमानं आभाळाला लागली, उत्तरेत त्यांना मोकळं रान मिळालं. ते त्यांनी वापरलंही दणदणीत. पण कागदाची भाषा असं सांगते की मराठी राज्य एक नाही, दोन आहेत, आणि इंग्रज त्यांच्यातलं अंतर लेखी मान्य करून घेताहेत.

एकच दुखणं, तीन रोगी

इथे आमचा मुख्य मुद्दा येतो.

१७८२ साली हे दुखणं फक्त मराठ्यांचं नव्हतं. एका राज्याच्या वतीनं अनेक हात सह्या करतात आणि एकाची सही दुसरा मानत नाही, हे दुखणं तिघांनाही होतं. कंपनीला होतं: सुरतेचा तह मुंबईचा, मोडला कलकत्त्यानं. वडगावचाही तसाच. अमेरिकेला होतं: १७८१ च्या 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'खाली काँग्रेसला तह करता येत होता, पण तेरा राज्यांकडून तो पाळून घेता येत नव्हता. १७८३ च्या पॅरिस तहात लिहिलं होतं की इंग्रज व्यापाऱ्यांची जुनी देणी बुडवू नयेत. व्हर्जिनियासारख्या राज्यांनी वसुलीत खोडे घातले. मग इंग्रज म्हणाले, तुम्ही पाळत नाही तर आम्ही डेट्रॉइट-नायगाराचे किल्ले सोडत नाही. आणि ते खरोखर १७९६ पर्यंत सोडले नाहीत. आहे की नाही आपल्या साष्टीसारखं? आणि मराठ्यांना तर होतंच.

आता प्रत्येकानं औषध काय घेतलं? कंपनीनं १७८४ चा पिटचा कायदा घेतला: मुंबई-मद्रासनं कलकत्त्याचं ऐकायचं, कलकत्त्यावर लंडनचं बोर्ड. अमेरिकेनं १७८७ ची राज्यघटना घेतली: तह राष्ट्राध्यक्ष करील, सेनेटच्या दोन तृतीयांश सभासदांची संमती लागेल, आणि एकदा झाला की तो सगळ्या राज्यांवर देशाचा सर्वोच्च कायदा म्हणून बांधील. आपण? आपण नाना घेतले. नाना हेच औषध.

औषध लागू पडलं का, ते जे यांच्या तहात बघा. १७९४ साली जॉन जे लंडनला जाऊन तह करून आले. किल्ले मिळाले, पण बाकी बरंच पदरी न पडता. सेनेटनं जून १७९५ मध्ये २० विरुद्ध १० मतांनी, म्हणजे अगदी काठावरच्या दोन तृतीयांशांनी, तो मान्य केला. कागद गुप्त ठेवायचा होता, पण फुटला आणि फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रानं छापला. मग काय, गावोगावी जे यांचे पुतळे जाळले. खालच्या सभागृहानं वॉशिंग्टनकडे कागदपत्रं मागितली, वॉशिंग्टननी नकार दिला, शेवटी पैशाचा ठराव एप्रिल १७९६ मध्ये ५१ विरुद्ध ४८ असा जेमतेम पास झाला. गोंधळ म्हणाल तर प्रचंड. पण वाचलं लोकांनी! शिव्या दिल्या त्या वाचून दिल्या. आणि एवढं होऊनही एकाही राज्यानं हा तह मला लागू नाही म्हणून इंग्रजांशी वेगळा करार केला नाही.

गंमत म्हणजे त्याच तहाच्या एका कलमानं अमेरिकन जहाजांना हिंदुस्थानातल्या इंग्रजी बंदरांत व्यापाराची मुभा मिळाली. साष्टीमुळे सुरक्षित झालेलं मुंबई बंदरही त्यात आलंच.

त्याच १७९५ सालचं पुणं बघा. मार्चमध्ये खर्ड्याला सगळे मराठी सरदार शेवटचे एकत्र लढले आणि जिंकले. ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव गेले, आणि गादीवर कोण हे ठरायला वर्षभर कारस्थानं चालली. महादजी आदल्याच वर्षी गेले होते. १४ डिसेंबर १७९९ ला वॉशिंग्टन वारले, १३ मार्च १८०० ला नाना. तीन महिन्यांचं अंतर. नानांबरोबर मराठी राज्यातलं शहाणपण गेलं, अशा अर्थाचं रेसिडेंट पामरनं लिहिलं, आणि आपण ते वाक्य शाबासकी म्हणून शंभरदा उद्धृत करतो. आम्हाला ती शाबासकी वाटत नाही. ज्या घरातलं शहाणपण एका माणसाबरोबर स्मशानात जातं, त्या घराचं ते निदान आहे. वॉशिंग्टननंतर ॲडम्स आणि जेफरसन यांनी १८०० च्या निवडणुकीत एकमेकांवर वाटेल तो चिखल उडवला, पण सत्ता बदलली ती मतमोजणीनं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांचा पराभव केला, दुसरे बाजीराव पळाले, आणि ३१ डिसेंबरला वसईला तह केला. कंपनीची सहा हजारांची फौज, तिच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख, आणि कंपनीला विचारल्याशिवाय कोणाशी बोलायचं नाही. सही एकट्या बाजीरावांची. शिंदे-भोसल्यांनी ती मानली नाही, १८०३ साली लढाई झाली, आणि त्याच डिसेंबरात भोसल्यांनी देवगावला, शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला, अशा वेगवेगळ्या सह्या केल्या. ठाण्याच्या किल्ल्यापासून वसईच्या कागदापर्यंत २८ वर्षं. साष्टीच्या एका कडेपासून पलीकडच्या काठापर्यंत.

एक आक्षेप, आणि एक कबुली

आमच्याच गटात यावर आक्षेप निघाला. म्हणाले, अठराव्या शतकातल्या पुण्याला फिलाडेल्फियाच्या फूटपट्टीनं मोजायचं हा अन्याय आहे. छापखाना नाही, निवडून आलेली सभा नाही, वर साताऱ्याचे छत्रपती, खाली वतनदार. शिवाय सरदारांची सैल मोट हाच वडगावला विजयाचा पाया होता.

आक्षेप अर्धा खरा आहे. नानांनी घटना लिहायला हवी होती असं आम्ही म्हणत नाही. आमचं म्हणणं इतकंच, की त्यांची कर्तबगारी मोजताना आपण माणूस मोजतो, व्यवस्था मोजत नाही. बारभाई ही व्यवस्थेची सुरुवात होती! अनेकांनी मिळून निर्णय घ्यायचा, मूल गादीवर असताना राज्य चालवायचं. तिचं पुढे एका कारभाऱ्याच्या राज्यात रूपांतर कसं झालं, यावर मराठीत नाटक, कादंबरी, मोठा निबंध का नाही? तो खरा विषय आहे.

आता कबुली. अमेरिकेचं कौतुक करताना आमची जीभ एका जागी अडखळली. १७८३ च्या पॅरिस तहात मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख नव्या राष्ट्राला दिला. तिथे राहणाऱ्या मूळ जमातींचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. त्यांना कोणी विचारलं नाही. १७९१ मध्ये त्यांच्या फौजांनी अमेरिकन सैन्याचा दारुण पराभव केला, तरी १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहात त्यांना मुलूख सोडावा लागला. आणि ज्या घटनेचं आम्ही कौतुक केलं तिच्यात गुलामगिरीही सांभाळलेली होती. म्हणजे सही कोणाची हा प्रश्न सोडवणाऱ्यांनी जमीन कोणाची हा प्रश्न विचारलाच नाही.

मग आम्ही साल्बाईकडे परत आलो आणि त्याच नजरेनं वाचलं. साष्टीत तेव्हा कोण होतं? वेसाव्याचे कोळी, खाडीकाठचे आगरी, भातशेती करणारे कुणबी, मरोळ-कुर्ल्याच्या गावठाणांतले ख्रिस्ती शेतकरी, डोंगरातले वारली. सुरत, पुरंदर, वडगाव, साल्बाई. चार कागद, आणि त्यांत ही माणसं कुठेच नाहीत. बेट आहे, उत्पन्न आहे, माणूस नाही. पुढे १७९९ मध्ये पवईचा मोठा मुलूख कंपनीनं डॉक्टर स्कॉट यांना पट्ट्यानं दिला, १८२९ मध्ये तो फ्रामजी कावसजींकडे गेला. शीवचा बंधारा झाला, रस्ता झाला, मग रेल्वे, मग आपण. नानांनी राखायची धडपड केली ती साष्टी, इंग्रजांनी घेतली ती साष्टी, दोघांच्याही लेखी महसुलाचा आकडा होता.

हे कळल्यावर नाना लहान होत नाहीत. आपल्या वाचण्याला मात्र एक प्रश्न जास्तीचा मिळतो. तहनामा हाती आला की तीन गोष्टी विचाराव्यात: सही कोणाची? ती मोडली तर कोण जाब देणार? आणि ज्यांचं घर यात गेलं त्यांचं नाव कुठे आहे? पहिला प्रश्न आपल्या इतिहासकारांनी उत्तम विचारला. दुसरा अमेरिकनांनी आपल्या घटनेत सोडवला. तिसरा दोघांनीही टाळला, आणि तो आजही आपल्या दारात उभा आहे. गावठाणाची हद्द आखताना, पाड्यावरून रस्ता नेताना, आणि हो, तुमच्या इमारतीचा करार होतानाही.

तेव्हा घरी गेल्यावर एक काम करा. इतिहासाचं पुस्तक उद्या काढलंत तरी चालेल. आज आधी तो सोसायटीचा करार काढा, चष्मा लावा आणि वाचा. न कळलेलं कलम दिसलं तर पुढच्या सभेत उठून विचारा. सेक्रेटरी चिडतील. चिडू देत. सात महिने सही अडवणाऱ्या माणसाच्या मुलखातली माणसं आहोत आपण.

आता प्रश्न घेऊ.